मानस कोणासाठी मिटते

चवथीच्या दुसऱ्या दिवशी भाचा आला. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, पगार बरा, डोकं आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाचं नसेल इतकं तल्लख. गणपतीच्या माटोळीखाली बसून नेवरी मोडता मोडता त्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "मामा, सोनं वाढणार म्हणून मी घेतलं. सोनं वाढलं. आणि माझे पैसे गेले. हे कसं ते तू सांग, तू जन्मभर हिशेब केलेस."

मी गोव्यात डिचोलीच्या एका पतसंस्थेत कर्जखात्यात होतो. मोबाइलवरच्या त्या लाल-हिरव्या काड्या मला धड वाचता येत नाहीत. पण तारण किती, कर्ज किती, आणि तारणाची किंमत घसरली की पैसे देणारा काय करतो, हे मला पाठ आहे. भाच्याचं प्रकरण निव्वळ तारणाचं होतं. सोन्याचा त्यात संबंध थोडाच.

कारण त्याने घेतलं ते सोनं नव्हतंच. त्याने सीएफडी घेतला होता, म्हणजे भावातल्या फरकाचा करार. आज सोन्याचा भाव औंसाला ४,००० डॉलर असताना ब्रोकरशी करार करायचा. उद्या ४,०३० ला करार मोडला तर औंसामागे ३० डॉलर ब्रोकर आपल्याला देणार, ३,९७० ला मोडला तर ३० डॉलर आपण त्याला देणार. सोनं कुणी कुणाला देत नाही, डीमॅट खात्यात काही येत नाही. देवाणघेवाण फक्त फरकाची. हा प्रकार १९९० च्या दशकात लंडनमध्ये सुरू झाला, आधी मोठ्या संस्थांसाठी, मग सामान्य गिऱ्हाइकांसाठी. अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकाला सीएफडी विकताच येत नाही. आपल्याकडचं पुढे सांगतो.

हा करार बाजाराशी नसतो, ब्रोकरशी असतो. काही ब्रोकर आपला सौदा पुढे मोठ्या बँकेकडे तसाच उतरवतात आणि मधला फरक कमावतात. काही उतरवत नाहीत. मग गिऱ्हाइकाचं नुकसान ही त्यांची सरळ कमाई. आपला ब्रोकर यातला कुठला, हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही.

आता मार्जिन. हा शब्द मला नवा नव्हता. आमच्या कर्जाच्या फायलीत 'मार्जिन मनी' असा रकानाच असायचा. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली-सत्तरीतला दर तिसरा माणूस टिपर ट्रक घ्यायला निघाला होता. ट्रक वीस लाखांचा म्हटला तर चार लाख मार्जिन मनी पदरचे, सोळा लाख कर्ज. चार लाखांत वीस लाखांची वस्तू राबवायची, हेच लेव्हरेज. पाचपट. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभे राहिले. हप्ते थकले. पण बँकेने काय केलं? नोटीस पाठवली. नव्वद दिवस थांबली. माणसाला बोलावून घेतलं, हप्ते वाढवून दिले, पुढे सरकारने कर्जसवलतीची योजना आणली. कित्येक ट्रक उचललेही गेले, ते मी पाहिलं आहे. पण त्याला महिने लागले, वर्षं लागली.

भाच्याच्या खात्यात हे सगळं एका सेकंदाच्या आत झालं. नोटीस आली ती झोपेत, आणि जप्ती त्या नोटिशीच्या पाठोपाठ.

ते कसं, हे कळायला पाच आकडे पुरतात. सोन्याचा भाव हिशेबाला सोपा जावा म्हणून मी गोल धरतो.

भाच्याने खात्यात १,००० डॉलर भरले. हा बॅलन्स. मग त्याने ०.१० लॉट सोनं 'बाय' केलं. सोन्याचा एक लॉट म्हणजे १०० औंस, म्हणून ०.१० लॉट म्हणजे १० औंस, म्हणजे ४,००० च्या भावाने ४०,००० डॉलरचं सोनं. खात्याला लेव्हरेज १०० पट होतं, तेव्हा ब्रोकरने ४०,००० चा शंभरावा भाग, ४०० डॉलर, अडकवून ठेवला. हे वापरलेलं मार्जिन. ही फी नव्हे, सोन्याच्या किमतीचा पहिला हप्ताही नव्हे. ही अनामत. सौदा मिटला की मोकळी होते.

तिसरा आकडा इक्विटी: बॅलन्समध्ये चालू सौद्यांचा नफा-तोटा मिळवला की आत्ता, या क्षणी, खात्यात खरोखर किती आहेत ते. चौथा फ्री मार्जिन: इक्विटीतून वापरलेलं मार्जिन वजा केलं की उरतं ते. सुरुवातीला १,००० वजा ४००, म्हणजे ६००. आणि पाचवा, ज्याच्यावर सगळं चालतं, तो मार्जिन लेव्हल. इक्विटीला वापरलेल्या मार्जिनने भागायचं आणि शंभराने गुणायचं. १,००० भागिले ४००, म्हणजे २५० टक्के.

सोनं १ डॉलरने हललं की १० औंसांवर १० डॉलर हलतात. भाव ३० ने पडला: तोटा ३००, इक्विटी ७००, लेव्हल १७५ टक्के. ६० ने पडला: इक्विटी ४००, लेव्हल १०० टक्के. इथे फ्री मार्जिन शून्य झालं. नवा सौदा घेता येत नाही, आणि बऱ्याच ब्रोकरांकडे इथेच 'मार्जिन कॉल' येतो. नाव 'कॉल' असलं तरी फोन कुणी करत नाही. खात्याची ओळ लाल होते, फार तर ईमेल येतो. ८० ने पडला, म्हणजे ३,९२०: इक्विटी २००, लेव्हल ५० टक्के. इथे 'स्टॉप-आउट'. ब्रोकरची यंत्रणा सौदा आपणहून तोडते, विचारत नाही.

४,००० वरून ३,९२० म्हणजे फक्त २ टक्के घसरण. सोन्याच्या बाजारात २ टक्के म्हणजे एखादा वाईट दिवस. भाच्याला मात्र १,००० मधले ८०० गेले. हे टक्के ब्रोकरागणिक वेगळे असतात. कुणाकडे स्टॉप-आउट ५० ला, कुणाकडे २० ला, कुणाकडे त्याहून खाली. कराराच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, आणि ते कुणी वाचत नाही. मी पतसंस्थेत असताना आमचीही बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत, तेव्हा याबद्दल मी फार बोलणं बरं नव्हे.

"पण तोडलं का? भाव परत वर आलाच ना!" भाच्याचा प्रश्न तिथेच अडला होता.

त्याला मी मानस दाखवली. म्हणजे तोंडानेच. माझं आजोळ चोडणला. तिथे खाजन शेती: नदीची भरती आत येऊ नये म्हणून बांध, आणि बांधात मानस. मानशीला लाकडी दार असतं. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या दाबाने ते बाहेर उघडतं आणि जादा पाणी नदीत जातं. भरतीला नदीचं पाणी चढलं की त्याच दाबाने दार मिटतं. कुणी माणूस तिथे उभा नसतो. पाणी पातळीला लागलं की मिटलं, बस. खारं पाणी आत शिरून भात जळू नये एवढाच त्याचा हेतू. त्या वेळी दाराच्या तोंडाशी जे मासे असतात त्यांचं काय होतं, याचा विचार मानशीने करायचा नसतो. उलट तिथेच जाळं लावलेलं असतं, आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. चांगली रक्कम येते.

स्टॉप-आउट ही ब्रोकरची मानस आहे. गिऱ्हाइकाला मोठ्या तोट्यातून वाचवायला ती बांधली असं जाहिरातीत सांगतात, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण ती आहे ब्रोकरच्या शेतासाठी. ४०,००० डॉलरच्या सौद्यात गिऱ्हाइकाचे हजारच आहेत. ते संपले की पुढचा प्रत्येक डॉलर ब्रोकरच्या खिशातून जाण्याचा धोका. म्हणून गिऱ्हाइकाच्या गाठीला थोडं शिल्लक असतानाच दार मिटतं. भाव उद्या परत येईल का, हा प्रश्न त्या दाराला पडत नाही.

आता लेव्हरेजच्या एका गंमतीकडे येतो. बहुतेक लोक इथे फसतात, आणि मीही कागदावर मांडेपर्यंत उलटंच समजत होतो.

भाच्याच्या मित्राकडे ५०० पट लेव्हरेजचं खातं होतं. तोच १,००० डॉलर, तोच ०.१० लॉट. ४०,००० ला ५०० ने भागलं तर मार्जिन फक्त ८० डॉलर. लेव्हल १,२५० टक्के! किती सुरक्षित वाटतं. आणि खरंच, याचा स्टॉप-आउट उशिरा येतो: इक्विटी ४० वर आली की, म्हणजे भाव ९६ डॉलर पडल्यावर. भाच्यापेक्षा १६ डॉलर जास्त तग. फक्त तुटल्यावर हातात २०० ऐवजी ४० उरतात.

म्हणजे लेव्हरेज वाढल्याने धोका वाढला का? त्याच सौद्याला नाही. धोका वाढतो तो समोर दिसणाऱ्या ९२० डॉलरच्या फ्री मार्जिनमुळे. ती मोकळी रक्कम हाताला खाज आणते. मित्राने ०.५० लॉट घेतला. ५० औंस, २,००,००० डॉलरचं सोनं. मार्जिन ४००, लेव्हल २५० टक्के. पडद्यावर भाच्याच्या खात्यासारखाच आकडा, अगदी तोच. पण आता सोनं १ डॉलर हललं की ५० डॉलर हलतात. ८०० चा तोटा व्हायला भाव १६ डॉलर पडला की पुरे. ०.४ टक्के. चहा उकळेपर्यंत एवढं होतं.

दोघांचीही मार्जिन लेव्हल २५०. एकाला २ टक्क्यांचं अंतर, दुसऱ्याला ०.४ चं. म्हणून मार्जिन लेव्हल पाहून आपण किती सुरक्षित हे कळत नाही. ब्रोकर किती सुरक्षित हे कळतं. आपल्याला पाहायचा तो आकडा पडद्यावर नसतोच, तो स्वतः काढावा लागतो: सौद्याची पूर्ण किंमत भागिले इक्विटी. भाच्याचे ४०,००० भागिले १,०००, चाळीसपट. मित्राचे दोनशेपट. ट्रकवाले पाचपटीवर बुडाले होते.

हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "ठीक, पण माझ्या वेळी भाव ३,९२० ला गेलाच नव्हता. दुसऱ्या ॲपवर बघितलं, सगळ्यात खाली ३,९२३ होता."

त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणून त्या रात्रीचा हिशेब आम्ही सावकाश लावला. नेवऱ्यांचं ताट तोवर रिकामं झालं.

सोन्याचा आंतरराष्ट्रीय बाजार न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजता तासभर थांबतो. उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेतीन. त्याच सुमाराला सौदा रात्रभर ठेवल्याचं व्याज कापतात. त्याला 'स्वॅप' म्हणतात. शेवटी ४०,००० चा माल आणि अनामत ४०० ची, तर उरलेल्याचं व्याज कुणीतरी घेणारच. बऱ्याच ठिकाणी बुधवारी रात्री शनिवार-रविवारचं धरून तिप्पट कापतात. भाच्याचे एका रात्रीचे ८ डॉलर गेले. म्हणजे आधीच इक्विटी ८ ने खाली.

मग साडेतीनला बाजार उघडला. त्या वेळी जगात कुठेच फारसं कुणी जागं नसतं. घेणारे कमी, विकणारे कमी, त्यामुळे घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांतली दरी रुंदावते. दिवसा ही दरी, म्हणजे 'स्प्रेड', ३० सेंट असते. त्या मिनिटाला ती ८ डॉलर झाली. मधला भाव ३,९२३. पण भाच्याला सौदा तोडायचा तर विकावं लागणार, आणि विकायचा भाव त्याच्या चार डॉलर खाली, ३,९१९. त्या भावाने तोटा ८१०, स्वॅप ८, इक्विटी १८२. लेव्हल साडेपंचेचाळीस टक्के. दार मिटलं. प्रत्यक्ष विक्री झाली ३,९१८.६० ला आणि खात्यात १७८ डॉलर उरले.

स्प्रेड नेहमीएवढा असता तर त्याच क्षणी इक्विटी २२० च्या आसपास असती, लेव्हल ५५ टक्के, आणि सौदा जगला असता. सकाळी नऊला सोनं ३,९६८ होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ४,०३०. त्याचा अंदाज चुकला नव्हता. सौद्याचा आकार चुकला होता. सोन्याच्या साध्या श्वासोच्छ्वासाला जेवढी जागा लागते तेवढीसुद्धा त्याने खात्यात ठेवली नव्हती.

'सेल' करणाऱ्याचं याच्या उलट. त्याला मिटताना वरच्या भावाने घ्यावं लागतं, आणि चार्टवर बहुधा खालचाच भाव दाखवतात. म्हणून त्याला वाटतं, भाव तिथे गेला नसताना मला कापलं. गेलेला असतो, फक्त त्या चार्टवर तो दिसत नाही.

मार्जिन कॉल आला तेव्हा तो जागा असता तर त्याने काय केलं असतं, असं मी विचारलं. "आणखी पैसे भरले असते," तो लगेच म्हणाला. सगळे तेच करतात. हे पाहा: इक्विटी ४००, लेव्हल १००, दार मिटायला भाव आणखी २० डॉलर पडायचा. तिथे २०० डॉलर भरले तर इक्विटी ६००, आणि दार ४० डॉलर लांब गेलं. त्याऐवजी एक पैसा न भरता निम्मा सौदा तोडला असता तर? राहिले ५ औंस, मार्जिन २००, इक्विटी ४००, लेव्हल २०० टक्के. स्टॉप-आउट इक्विटी १०० वर, म्हणजे ३०० चा तोटा व्हायला हवा, आणि आता १ डॉलरला ५ च हलतात, तेव्हा भाव ६० डॉलर पडायला हवा. नवे पैसे घालून ४०, फुकट ६०. पण निम्मा सौदा तोडणं म्हणजे चूक झाली असं स्वतःशी कबूल करणं. ते जड जातं. ट्रकवाल्यांनाही जड जायचं. दोन ट्रकांपैकी एक वेळीच विकून टाका म्हटलं की माणसं मला शत्रू समजायची.

खात्यात एकाहून जास्त सौदे असले तर लेव्हल सगळ्यांची मिळून एकच धरतात, आणि चांगला चाललेला सौदाही वाईटाबरोबर ओढला जातो. समजा सोन्यावर मार्जिन ४००, दुसऱ्या एखाद्या निर्देशांकावर २००. सोन्यात तोटा ७५०, निर्देशांकात नफा ५०. इक्विटी ३००, मार्जिन ६००, लेव्हल ५०. बहुतेक यंत्रणा सगळ्यात मोठ्या तोट्याचा सौदा आधी तोडतात. सोनं तुटलं. इक्विटी किती झाली? तीनशेच. तोडल्याने पैसे येत नाहीत. जो तोटा कागदावर होता तो फक्त पक्का होतो. बदलला तो छेद: मार्जिन ६०० चं २०० झालं, आणि लेव्हल १५० टक्के. एवढ्याने भागलं नाही तर पुढचा, मग त्याच्या पुढचा.

काही हुशार लोक तोटा वाढला की उलटा सौदा टाकून 'लॉक' करतात, म्हणजे जेवढं बाय तेवढंच सेल. भाव कुठेही जावो, आता काही होत नाही असं त्यांना वाटतं. पण स्प्रेड रुंदावला की दोन्ही बाजूंनी मार बसतो आणि स्वॅप रोज कापला जातो. कुलूप लावलेलं खातं रात्री साडेतीनला उडालेलं मी भाच्याच्याच मित्रमंडळात ऐकलं.

दार मिटायच्या आतच लाट आली तर? मानस भरतीसाठी असते, वादळासाठी नव्हे. शुक्रवारी रात्री बाजार बंद होताना भाव ३,९३५ आहे, सौदा तसाच ठेवला. शनिवार-रविवारी जगात काहीतरी घडलं आणि सोमवारी बाजार उघडला तोच ३,८९० ला. मधले भाव आलेच नाहीत, तर त्या भावांना तोडणार कसं? तोटा १,१००, खात्यात उणे १००. म्हणजे हजार गेलेच, वर शंभरांचं देणं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण सोन्याचं नाही, स्विस फ्रँकचं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने ६ सप्टेंबर २०११ ला जाहीर केलं होतं की एका युरोला १.२० फ्रँकच्या खाली भाव जाऊ देणार नाही. तीन वर्षं तो भाव तिथे भिंतीसारखा राहिला. लोक म्हणाले, खाली जाऊच शकत नाही, तर शंभरपट घेऊ. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने एका निवेदनात ती भिंत काढून घेतली. काही मिनिटांत भाव १ फ्रँकच्या पार खाली गेला, आणि मध्ये घेणारा कुणीच नव्हता. स्टॉप-आउट लागले, पण जो भाव मिळाला त्याला. एफएक्ससीएम या मोठ्या ब्रोकरच्या गिऱ्हाइकांची खाती मिळून सुमारे २२.५ कोटी डॉलर उणे झाली, आणि कंपनी तगवायला ३० कोटी डॉलरचं कर्ज उचलावं लागलं. अल्पारी या दुसऱ्या ब्रोकरची ब्रिटिश शाखा दिवाळखोरीत गेली.

आणि हे फक्त परदेशात, फक्त सीएफडीत होतं असंही नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरला बंद झाला. टाळेबंदीमुळे आपला एमसीएक्स, म्हणजे सोन्या-तेलाचा वायदेबाजार, तेव्हा संध्याकाळी ५ लाच बंद होत होता. रात्री अमेरिकेत काय चाललंय ते लोक टीव्हीवर बघत राहिले, सौदा मिटवायला दारच उघडं नव्हतं. शेवटी हिशेब पिंपाला उणे २,८८४ रुपये या भावाने पुरा झाला. तेल विकत घेणाऱ्याने वर पैसे मोजले.

फ्रँकचा धडा घेऊन युरोपच्या रोखेबाजार नियामकाने, एस्माने, १ ऑगस्ट २०१८ पासून सामान्य गिऱ्हाइकांसाठी नियम लावले. मोठ्या चलनांवर ३० पट, सोन्यावर २० पट, शेअरवर ५ पट, क्रिप्टोवर २ पट, याच्या वर लेव्हरेज नाही. मार्जिन लेव्हल ५० टक्क्यांवर आली की सौदे तोडणं ब्रोकरला सक्तीचं. आणि खातं उण्यात गेलं तरी गिऱ्हाइकाकडून वर वसूल करायचं नाही. त्याच वेळी एस्माने सांगितलं की सामान्य गिऱ्हाइकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. भाच्याचा सौदा त्या नियमात बसवून पाहिला. २० पटीला ४०,००० च्या सोन्यावर २,००० मार्जिन लागलं असतं. त्याच्याकडे हजारच. सौदा उघडलाच नसता.

मग त्याचा ब्रोकर कुठला? कुठल्यातरी बेटावर नोंदलेला. कुठलं बेट ते भाच्याला सांगता आलं नाही.

इथे मला जरा आवाज चढवावा लागला. भारतात राहणाऱ्याने परकीय चलनाचे सौदे करायचे तर रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या व्यक्तींशी, आणि मान्यताप्राप्त शेअरबाजारांवर किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मंचांवरच करता येतात. तसा परवाना नसलेल्या मंचांची 'अलर्ट लिस्ट' बँकेने सप्टेंबर २०२२ पासून जाहीर केली आहे आणि ती वेळोवेळी वाढवली आहे. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ होत नाही, हेही बँकेने तिथेच म्हटलं आहे. एलआरएस म्हणून वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवायची जी सवलत आहे, तिच्यातूनही परदेशात मार्जिन किंवा मार्जिन कॉल भरायला पैसे पाठवता येत नाहीत. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. आपल्या कुठल्याही मान्यताप्राप्त बाजारात सीएफडी नाहीत.

"मी बाहेर पाठवलेच नाहीत," भाचा म्हणाला. "यूपीआयने भरले." कुणाला? त्याने पावती उघडली. पैसे एका कापडदुकानाच्या नावे गेले होते. त्याच्या आधीचे एका भलत्याच माणसाच्या नावे. सोन्याचा ब्रोकर आणि कापडदुकान! असल्या खात्यांपैकी एखादं पोलिसांच्या तपासात सापडलं की ज्यांच्याकडून तिथे पैसे आले-गेले त्यांचीही खाती गोठतात. पगाराचं खातं गोठलेल्या माणसाची धावाधाव मी पाहिली आहे.

सोन्यावर सौदे करायचेच तर एमसीएक्सवर १ ग्रॅमचा गोल्ड पेटलही आहे. तिथे मार्जिन ब्रोकरच्या मर्जीवर ठरत नाही, भाव किती हलतो यावरून बाजार ठरवतो. नफा-तोट्याचा हिशेब रोजच्या रोज रोखीत होतो आणि मध्ये दोन्ही बाजूंच्या देण्याची हमी घेणारी क्लिअरिंग संस्था उभी असते. तिथेही मार्जिन कमी पडलं की ब्रोकर सौदा कापतो. आणि तिथेही पैसे होतातच असं नाही: शेअर वायदे-ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, मिळून १.८ लाख कोटींहून जास्त, असं सेबीच्याच अभ्यासात आहे. फरक एवढाच की तिथे तक्रार करायला दार आहे.

"तर मग हजार डॉलरला मी किती घ्यायला हवं होतं?" शेवटी त्याने कामाचा प्रश्न विचारला.

कागदावर मांडलं. ०.०१ लॉट, १ औंस. सौदा ४,००० चा, म्हणजे चारपट; ट्रकापेक्षा एक पट कमी. मार्जिन ४०, लेव्हल २,५०० टक्के. दार मिटायला इक्विटी २० वर यायला हवी, म्हणजे सोनं ९८० डॉलर पडायला हवं. त्या रात्री ३,९१९ ला त्याचा तोटा झाला असता ८१ डॉलर, स्वॅप एक डॉलरहून कमी, आणि तो झोपून उठला असता. दुसऱ्या दिवशी ४,०३० ला ३० डॉलर फायदा.

तो त्या ३० कडे बघत राहिला. "तीस डॉलरसाठी कोण रात्रभर सौदा ठेवतो, मामा?"

मी काही बोललो नाही. त्याने मोबाइल घेतला आणि उरलेल्या १७८ डॉलरसाठी पैसे काढायची विनंती टाकली. पडद्यावर 'प्रक्रियेत' असं आलं. चवथ होऊन आता तीन आठवडे झाले. परवा विचारलं तर अजून तेच दिसतंय म्हणाला.